तक्रार दिली, पण पोच घेतली का?

प्रश्न: गल्लीतली गडर लाइन सात महिन्यांपासून तुंबते. घाण पाणी तुळशीवृंदावनापर्यंत येतं. तीनदा सांगून झालं, "माणूस पाठवतो" एवढंच ऐकते. लोकायुक्तांकडे जाता येईल का? वकील लागेल?
– एक गृहिणी, नागपूर

उत्तर: ताई, जाता येईल, आणि वकिलाची गरज नाही. पण आधी सांगा, अर्जाची पोच आहे का? मी तीस वर्षं आवक-जावक टेबलावर काढली. निळा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक नसलेला अर्ज कुठे जातो, ते मला ठाऊक आहे. तोंडी सांगणं तर कुठेच उरत नाही. उद्याच दोन प्रती घेऊन जा, दुसरीवर शिक्का मारून घ्या. फोटो तारखेसह काढा, त्यात घराचा दरवाजा दिसू द्या.

महाराष्ट्राचा लोकायुक्त कायदा 1971 चा. त्यानुसार गाऱ्हाणं कळल्यापासून बारा महिन्यांत मांडावं लागतं. तुमचे सात गेलेत, उशीर नको. लोकायुक्त म्हणजे कोर्ट नव्हे. ते संबंधित खात्याकडून अहवाल मागवतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि शिफारस करतात. तिच्यावर समाधानकारक कारवाई झाली नाही, तर राज्यपालांना विशेष अहवाल देता येतो. म्हणूनच तिथून पत्र आलं की फाइल हलते, हे मी स्वतः पाहिलंय.

अर्ज एका पानात बसवा. शेजाऱ्यांची भांडणं त्यात नकोत. फक्त तारखा, आवक क्रमांक आणि तुमच्या अंगणातलं ते पाणी.