नुसतं ‘उडी मारली’ लिहू नकोस

तुझी सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातली टिपणं वाचली. काळवीट, नाकतोडा, कोळी, सगळ्यांपुढे एकच: ‘उडी मारली’. अरे, शब्दांची काय चणचण आहे का आपल्याकडे? बेडूक टुणकन उडतो, वानर झेपावतं, मासा पाण्याबाहेर उसळी घेतो. बिबट्या झडप घालतो. तिथे उडीपेक्षा सावजावर नजर असते. काळवीट बिथरलं की चारही पाय एकदम उचलून टणाटण उसळतं, मग कळप चौखूर उधळतो. या दोन वेगळ्या नोंदी झाल्या!

सुरुवात मात्र घरातल्या उडी मारणाऱ्या कोळ्यापासून कर. भिंग घेऊन बस. झेपेआधी तो पोटाचं टोक भिंतीला टेकवतो, धागा चिकटवतो, मगच सुटतो. चुकला तर त्याच धाग्यावर लोंबकळतो. अंगातल्या द्रवाचा दाब वाढवून तो मागचे पाय झटक्यात सरळ करतो. नाकतोड्याचं तसं नाही. त्याची मांडीच जाडजूड. पाय दुमडून आधी ताण साठवायचा, मग सोडायचा. म्हणून पाय दुमडलेला असतानाचं चित्र काढ.

आणि अंतर अंदाजाने लिहू नकोस. माझी पहिली अख्खी वही त्यापायी रद्दीत गेली.