मलम लावलं की थांबतं, सोडलं की पसरतं

प्रश्न : दोन वर्षांपासून जांघेत आणि कमरेवर गजकर्ण आहे. मेडिकलमधल्या मलमाने चार दिवसांत खाज थांबते, बंद केलं की दुप्पट पसरतं. आता मुलालाही झालंय.

उत्तर : आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन असं काही असेल तर गोम तिथेच आहे. ही स्टेरॉइडं. ती खाज आणि लाली दाबतात, पण ज्या बुरशीमुळे गजकर्ण होतं तिला हातही लावत नाहीत. उलट त्वचेचा प्रतिकार मंदावल्याने ती फोफावते. चट्ट्याची गोल कडाही पुसट होते, मग डॉक्टरही चकतात. जांघेतली कातडी पातळ. तिथे स्टेरॉइडने पडलेल्या रेघा कायमच्या राहतात.

ते मलम डॉक्टरांना दाखवून बंद करा. सुरुवातीला खाज उसळेल. नेमके त्याच वेळी लोक पुन्हा जुन्या ट्यूबकडे वळतात. कडेचे पापुद्रे खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले की निदान पक्कं होतं. इतकं पसरल्यावर पोटातून औषध लागतंच. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या गोळीला हल्लीची बुरशी बऱ्याचदा दाद देत नाही, म्हणून इट्राकोनॅझोल हे दुसरं औषध देतात. ही कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची. सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली तर कॅप्सूल नीट शोषली जात नाही. हृदयाचा किंवा यकृताचा त्रास असेल, दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा.

बुरशीचं मलम चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. डाग गेल्यावरही दोन आठवडे लावायचं. मुलाचा उपचार तुमच्यासोबतच सुरू हवा. मात्र त्याचं औषध डॉक्टर ठरवतील, तुमच्या गोळ्या त्याला देऊ नका. टॉवेल वेगळे ठेवा, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून शिवणींवर इस्त्री फिरवा. आणि कमरेचा करदोटा! ओला दोरा दिवसभर कातडीला घासतो; निदान उपचार संपेपर्यंत तरी काढा. लसूण किंवा लिंबू चोळू नका, कातडी भाजते.

प्रश्न : वडिलांच्या पावलात शेतात काटा रुतला होता. तीन वर्षांनी पाऊल सुजलंय, भोकांतून काळे कण येतात. दुखत नाही.

उत्तर : न दुखणंच फसवं. हा बुरशीने किंवा जिवाणूंनी होणारा मायसेटोमा, म्हणजे मदुरा फूट असण्याची दाट शक्यता आहे. काळे कण बहुधा बुरशीचे, लाल जिवाणूंचे. पांढरे-पिवळे दोन्हींपैकी कशाचेही. दोन्हींची औषधं वेगळी, त्यामुळे तपासणीआधी अँटिबायोटिक सुरू करू नका. भोकावर रात्रभर ओलसर गॉज बांधलं की सकाळी त्यावर कण अडकलेले मिळतात. त्या गॉजसकट रुग्णालयात जा. हाडापर्यंत पोचलंय का, ते एक्स-रेत बघतील. बुरशी निघाली तर गोळ्या अनेक महिने, आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियाही.