कोटेशनमधले टेराबाइट आणि आपले टेराबाइट

प्रश्न : सर, जालन्याच्या एमआयडीसीत आमची रोलिंग मिल आहे. तिथलं आयटी मी एकटाच बघतो. आठ सर्व्हर आणि एक सॅन स्टोरेज (सगळ्या सर्व्हरांचं सामायिक डिस्कचं कपाट), सगळं सात-आठ वर्षांचं. त्यावर ईआरपी, टॅली, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग असे तीसेक व्हीएम, म्हणजे सर्व्हरवरचे आभासी संगणक, चालतात. आता दोन कोटेशनं आलीत. एक फ्लेक्सपॉडचं, म्हणजे कन्व्हर्ज्ड : सर्व्हर, स्विच आणि स्टोरेज वेगवेगळे, पण एकत्र चालतील असे जुळवलेले. दुसरं हायपरकन्व्हर्ज्ड : चार नोड (डिस्कसकट सर्व्हर), प्रत्येकात बारा-बारा कोअरचे दोन सीपीयू, ३.८४ टीबीच्या सहा एसएसडी आणि व्हीएमवेअर, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर. त्यावर ‘इफेक्टिव्ह १५० टीबी’ लिहिलंय आणि ते स्वस्तही आहे. शेठजी म्हणतात, स्वस्त ते घे. काय करू?
— एक वाचक, जालना

उत्तर : शेठजींना आधी सांगा की दोन्ही कोटेशनांचं माप एक नाही. एक क्विंटलात बोलतंय, दुसरं पोत्यात.

फ्लेक्सपॉड म्हणजे तयार डबा नव्हे, तो नकाशा आहे. २००९ साली सिस्को आणि स्टोरेजवाल्या ईएमसीनं व्हीएमवेअर आणि इंटेलला सोबत घेऊन व्हीसीई नावाची कंपनी काढली. तिचा व्हीब्लॉक कारखान्यातच जोडून, रॅकसकट दारात यायचा. पुढच्या वर्षी नेटॲप आणि सिस्कोनं फ्लेक्सपॉड आणला. त्यात कोणता सर्व्हर, कोणता स्विच, कोणतं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर), कोणती केबल कुठं, हे तपासून छापलेलं असतं, पण जोडतो आपला पार्टनर. त्यामुळे तुमच्याकडे येणाऱ्या इंजिनिअरनं असे किती रॅक उभे केलेत, हे विचारल्याशिवाय त्या कोटेशनला किंमत नाही.

हायपरकन्व्हर्ज्डमध्ये स्टोरेजचं वेगळं कपाटच नसतं. नोडमधल्या डिस्क एकत्र करून सॉफ्टवेअर त्याचं सामायिक कोठार करतं. न्यूटॅनिक्स, डेलचं व्हीएक्सरेल, एचपीईचं सिम्प्लिव्हिटी ही सगळी त्याच घरातली.

आता ते १५० टीबी. कागद घ्या आणि शेठजींसमोरच मांडा. सहा गुणिले ३.८४ गुणिले चार नोड म्हणजे ९२ टीबी. प्रत्येक डेटाच्या दोन प्रती दोन वेगळ्या नोडवर राहतात, म्हणून झाले ४६. एक नोड बसला तर त्याच्यावरचं सगळं उरलेल्या तिघांत मावायला हवं. तेवढी जागा सोडली की ३४.५. कंपनी टीबी हजाराच्या पटीत मोजते आणि बरीच सॉफ्टवेअर १०२४ च्या, त्यामुळे स्क्रीनवर दिसतील ३१. कोठार गच्च भरलं की ते रडतं, म्हणून थोडी जागा मोकळी. हातात राहिले २८.

मग १५० आले कुठून? डेटा चारपटीहून जास्त आवळला जाईल, असं सेल्सवाल्यानं धरलंय. एकाच विंडोजच्या तीस व्हीएम असतील तर थोडंफार जमतंही. पण सीसीटीव्हीचं फुटेज कॅमेऱ्यातूनच आवळून येतं, ते आणखी जवळपास आवळतच नाही. आणि तुमच्याकडे सगळ्यात जास्त जागा तेच खातंय, पैज लावतो. ते या महागड्या एसएसडीवर ठेवू नका. साधा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) आणि मोठ्या फिरत्या डिस्क पुरेत. कोटेशनवाल्याकडून ‘एक नोड बंद असताना, आवळणं न धरता, वापरता येणारी जागा’ एवढ्याच शब्दांत लेखी मागा. नव्वद टक्के भांडण तिथंच मिटतं.

दुसरी गोम लायसन्समध्ये. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेतली आणि एकदाच विकत घेऊन ठेवायचं लायसन्स विकणं बंद झालं, आता वर्गणी. हिशोब कोअरवर आणि सीपीयूमागे किमान १६ कोअरचे पैसे. तुमच्या आठ सीपीयूंमध्ये कोअर आहेत ९६, पैसे भराल १२८ चे. तेच नोडमागे २४ कोअरचा एकच सीपीयू घेतला तर ९६ चेच. रॅमचे स्लॉट मात्र मोजून घ्या, एका सीपीयूवर निम्मेच मिळतात. व्हीएमवेअरच्या जागी न्यूटॅनिक्सचं स्वतःचं एएचव्ही घेतलं तर व्हीएमवेअरचा खर्चच नाही, पण आधी वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन करा. त्याचा यूएसबी डोंगल (लायसन्सची पेनड्राइव्हसारखी किल्ली) असेल तर तो ज्या नोडला खोचला, त्या नोडला ती व्हीएम बांधली गेली. नोड पडला की काटा बंद आणि गेटवर ट्रकांची रांग. नेटवर्कवरून चालणारा यूएसबी हब मिळतो, तो यादीत घाला.

कन्व्हर्ज्ड वाईट नाही. डेटा धो-धो वाढतोय आणि सर्व्हर तेवढेच पुरतात, अशा ठिकाणी ते सरस, कारण स्टोरेज एकटं वाढवता येतं. पण तुम्ही लिहिलंय, ‘मी एकटाच बघतो’. माझं मत त्या तीन शब्दांवर ठरलं.

२०१४ च्या मे महिन्यात वाळूजच्या एका कारखान्यात असाच रॅक रात्री दोनला बसला. सर्व्हरवाले म्हणाले स्टोरेज बघा, स्टोरेजवाले म्हणाले स्विच, स्विचवाल्यांनी बोट दाखवलं हायपरव्हायजरकडे, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे. तिघांना एका कॉलवर घेऊन मी सकाळी अकरापर्यंत जमिनीवर बसून होतो, पाठीला गरम हवा, हातात गार चहा. शेवटी निघालं काय, तर नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नवा आणि फर्मवेअर जुनं. कोणासोबत काय चालतं याचा तक्ता त्याच टेबलावर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये पडला होता. अपडेट करताना तो कोणी उघडलाच नव्हता. मीही नाही.

एकट्या माणसाला हे झेपत नाही. हायपरकन्व्हर्ज्डमध्ये अपडेट एकेक नोड रिकामा करत आपोआप पुढं सरकतं आणि फोन करायचा नंबर एकच असतो. म्हणून चार नोड घ्या, पण वरच्या दुरुस्त्या करून. दोन प्रती सतत इकडून तिकडं धावणार, तेव्हा २५ गिगाबिटचे दोन स्विच त्याच कोटेशनमध्ये आहेत का बघा. जुन्या एक गिगाबिटच्या स्विचवर हे जोडलं तर शेठजी तुम्हालाच धरतील. उत्पादन किती वर्षं चालेल तेही विचारा. सिस्कोनं स्वतःचं हायपरफ्लेक्स २०१६ मध्ये आणलं आणि २०२३ मध्ये गुंडाळायचं जाहीर केलं.

आणि मिलची गोष्ट वेगळीच. जालन्यातल्याच एका मिलमधला सर्व्हर मी उघडला, तेव्हा पंख्यावर काळी भुकटी होती. खिशातल्या स्क्रूड्रायव्हरचं टोक चुंबकाचं, ते जवळ नेलं तर भुकटीचे केस उभे राहिले. लोखंडच ते, बोर्डावर बसलं की शॉर्ट. खोली शेडपासून लांब ठेवा, दाराला रबर लावा, फिल्टर लावून आत थोडी जास्त हवा सोडा म्हणजे फटीतून धूळ आत येणार नाही. शेजारी इंडक्शन फर्नेस असेल तर व्होल्टेज सारखं खालीवर होतं, त्यामुळे ऑनलाइन यूपीएसच हवा, ऑफिसच्या इन्व्हर्टरवर भागणार नाही. चार नोड आणि स्विच मिळून तीनेक किलोवॅट धरा. साडेतीन किलोवॅट उष्णतेला एक टन एसी लागतो, पण आपल्याकडं मे महिन्यात भिंतीही तापतात. दीड टनाचे दोन, आलटून-पालटून.

सीसीटीव्ही बाहेर काढल्यावर एसएसडी कमी करून वाचतील ते पैसे बॅकअपवर घाला. दोन प्रती म्हणजे बॅकअप नाही. रॅन्समवेअर आलं की दोन्ही प्रती एकाच सेकंदाला लॉक होतात.

प्रश्न : आमच्या लातूरच्या हॉस्पिटलला दोन नोडचं हायपरकन्व्हर्ज्ड सुचवलंय. ‘विटनेस’ नावाची एक व्हीएम फुकट देतात, ती त्या दोन नोडवरच टाकायची म्हणतात. चालेल ना?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नाही, ताई. दोन नोडमधला संपर्क तुटला की खरा कोण, हे ठरवायला तिसरा साक्षीदार लागतो. भांडणाऱ्या दोघांपैकी एकाच्या घरात साक्षीदार राहायला ठेवला आणि तेच घर पडलं, तर साक्ष कोण देणार? बिलिंगच्या खोलीत एखादा जुना पण धड सर्व्हर असेल तर विटनेस त्यावर टाका. वीज मात्र वेगळ्या यूपीएसवरून द्या.