मारत तर नाही ना?

अगं, तुझा प्रश्न दोनदा वाचला. नवरा हात उगारत नाही, पण सहा वर्षं टोचून बोलतो, आठ-आठ दिवस अबोला धरतो, पगार काढून घेतो. आणि आई म्हणते, "मारत तर नाही ना, मग लोकांना काय सांगणार?" माझ्या आईनेही हेच विचारलं होतं. त्या एका वाक्यापायी मी चार वर्षं जास्त काढली.

कायद्याला अंगावरचे वळ लागत नाहीत. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अपमान, हिणवणं, मूल नाही म्हणून घालूनपाडून बोलणं, पैसे अडवणं हा सगळा हिंसाचारच आहे. घर तुझ्या नावावर नसलं तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेट, अर्जाला ते मदत करतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, बायकांना उत्पन्नाची अट नाही. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर महिला हेल्पलाइनला, 181 ला, फोन लाव. अंगावर धावून आलेच, तर थेट पोलिसांच्या मदतीसाठी 112.

पण निघणार आहेस हे घरात बोलू नकोस. आधी कागद बाहेर काढ: आधार, पॅन, प्रमाणपत्रं, लग्नाचा दाखला. मी भाजीच्या पिशवीतून एकेक कागद मैत्रिणीकडे नेऊन ठेवला. पगारासाठी स्वतःचं वेगळं खातं उघड. आणि वही ठेव, रोजची तारीख घालून, ते जे बोलले ते जसंच्या तसं. मी ती पुराव्यासाठी लिहिली, पण खरी उपयोगी पडली नंतर. घर सोडल्यावर तीन आठवड्यांनी नवऱ्याचा फोन आला, "घर खायला उठतं गं." माझं मन असं विरघळलं, की बॅग भरायला घेतली होती. त्या रात्री वही वाचली आणि बॅग पुन्हा रिकामी केली. आठवण तुलाही येईल. त्यावरून निर्णय चुकला असं समजू नकोस.

एकदा साबण आणायला गेले. दुकानदाराने विचारलं, "कुठला देऊ?" मला सांगताच येईना! अकरा वर्षं त्यांच्या पसंतीचा आणत होते. तशीच परत आले आणि खूप रडले. पुढे वर्षभर समुपदेशक बाईंकडे गेले, तेव्हा कुठे माझी आवड मला सापडायला लागली. रात्री फार जड झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं.

आईला आत्ता पटवत बसू नकोस. माझी दीड वर्षाने आली. कागदांची पिशवी कुणाकडे ठेवायची, तेवढं आज ठरव. कुणीच नसेल तर मला निरोप टाक.