स्पॅनिश ‘देनुन्सिआर’ म्हणजे नुसतं ‘तक्रार करणे’ का?

नाही, आणि घोळ मराठीमुळेच होतो. आपली ‘तक्रार’ कुरकुरीलाही चालते आणि पोलीस ठाण्यातही. स्पॅनिशमध्ये हॉटेलच्या खोलीत गरम पाणी नाही, तर ‘केखार्से’. पासपोर्ट चोरीला गेला, कुणी मारहाण केली, तर ‘देनुन्सिआर’, म्हणजे गुन्ह्याची रीतसर खबर देणे. पोलिसांना सांगा: ‘किएरो देनुन्सिआर उन रोबो’, मला चोरीची तक्रार नोंदवायची आहे. लेखी तक्रार ती ‘देनुन्सिआ’. तिची प्रत मागून घ्याच, विम्याला लागते.

माणसाविरुद्ध असेल तर क्रियापदानंतर फक्त ‘आ’: ‘देनुन्सिआर आ मि वेसिनो’ (शेजाऱ्याविरुद्ध). ‘विरुद्ध’साठी ‘कोन्त्रा’ लावायचा मोह होतो, पण तो नामासोबत शोभतो: ‘उना देनुन्सिआ कोन्त्रा मि वेसिनो’. बातम्यांत हेच क्रियापद ‘जाहीरपणे वाचा फोडणे’ या अर्थानेही भेटतं. रूपं नियमित, ‘मी’साठीच्या ‘देनुन्सिओ’त जोर ‘नुन्’वर.