कवितेनं समुद्र थांबते का?

प्रश्न: दादा, माझी मुलगी कॉलेजात हवामान बदलावर कविता वाचते. तिचे काका म्हणतात, कवितेनं काय समुद्र थांबते का? ती पॅसिफिकच्या बेटांचं उदाहरण देते. खरंच तिथं असं काही झालं का?
– एक आई, धरमपेठ, नागपूर

उत्तर: ताई, समुद्र नाही थांबत, काकांचं तेवढं बरोबर. पण पॅसिफिकमधल्या मार्शल आयलंड्सची कवयित्री कॅथी जेटनिल-किजिनर, तिनं सप्टेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कला युनोच्या क्लायमेट समिटच्या उद्घाटनात आपल्या तान्ह्या लेकीला उद्देशून कविता वाचली, समोर देशोदेशीचे पुढारी, आणि शेवटी लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. तिचा देश समुद्रापेक्षा सरासरी जेमतेम २ मीटर उंच, म्हणजे आपल्या घराच्या दाराएवढा समजा. मोठ्या भरतीला पाणी घरात, गोडं पाणी खारट. त्यात १९४६ ते १९५८ अमेरिकेनं तिथं ६७ अणुचाचण्या केल्या, तेही तिच्या दुसऱ्या कवितांत येतं. कविता तिथं शोभेची वस्तू नाही (आपल्याकडं हारतुरेच जास्त, असो).

आणि नुसतं वाचन नाही हां. त्याच ऑक्टोबरात पॅसिफिक क्लायमेट वॉरियर्सनी, म्हणजे त्या बेटांवरच्या आंदोलकांनी, ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलच्या कोळसा बंदरात होड्या घालून जहाजांची वाट अडवली. घोषणा काय, तर आम्ही बुडत नाही, लढतोय!

कोळसा म्हटल्यावर आपलं कोराडीचं वीज केंद्र आठवलंच असेल तुम्हाला. मुलीला म्हणा, सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून घराघरात पाणी शिरलं होतं ना, त्यावर लिही. मला पाठवा, छापतो.