प्लायच्या कडेत स्क्रू

प्रश्न: १८ एमएम प्लायचं बुकशेल्फ घरीच जोडतोय, पण कडेतून स्क्रू मारला की प्लाय फुगतो, थर सुटतात, दोन काळ्या स्क्रूंची तर डोकीच तुटली. सरळ खिळे ठोकू का?

उत्तर: खिळे नको हो, पुस्तकांच्या वजनाने हळूहळू सैल होतात. ते काळे स्क्रू जिप्सम शीटचे, कडक पण ठिसूळ. लाकडाचे ४ एमएम जाड, ५० एमएम लांब घ्या, आधी कडेत अगदी मधोमध ३ एमएम बिटने भोक पाडा (बिटला टेप गुंडाळली की खोली कळते), ज्या फळीतून स्क्रू आत जातो तिला मात्र साडेचार एमएमचं मोकळं भोक, नाहीतर फट राहतेच. फेविकॉल लावून क्लॅम्प करा. ड्रिलचा क्लच (फिरवण्याचा जोर ठरवणारी रिंग) कमीवर ठेवा आणि शेवटचे दोन फेरे हातानेच द्या, घाईत मीपण भरपूर प्लाय फाडलाय.